परड्यातला मांडव : एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

६ एप्रिल

वेलभाज्यांच्या मांडवाची जागा ठरली, घरामागच्या परड्यात. विहिरीच्या पलीकडे, माडांची सावली दुपारी तीनपर्यंत पोहोचत नाही तो तुकडा. माप २० फूट बाय १२ फूट. गाव कुडाळ तालुक्यातलं, माती तांबडी, खाली जांभा. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस. घाटावरच्या कुणी या नोंदी वाचून काम काढलं तर पावसाचा हा आकडा ध्यानात ठेवावा. माझे निम्मे खटाटोप त्याच्यापायी आहेत.

वेली : पडवळ, दोडकी, कारली, तवसं (मोठी काकडी). कडेला वालीच्या शेंगा. लाल भोपळा मांडवावर चढवायचा नाही, तो कुंपणाकडे जमिनीवरच जाईल, असा सासूबाईंचा हुकूम. बरोबरच आहे, पाच-सहा किलोचं फळ वर लोंबवण्याची हौस मलाही नाही.

गणपती २७ ऑगस्टला. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांच्या चौकटीला, बांधायला तवसं, पडवळ, दोडका घरचाच हवा, आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या मेहनतीचं काही चालत नाही, त्यामुळे परड्यात फावड्याने खणून पिकवलेलं सोयीचं. तवशाला धरायला साधारण दीड महिना, पडवळ-कारल्याला दोन. म्हणजे बी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे आणि त्याआधी मांडव उभा पाहिजे. तारीख लिहून ठेवते : २५ मे.

उभी ताटी की आडवा मांडव, यावर घरात चर्चा झाली. ताटीला सामान कमी लागतं, पण आमच्याकडे वारा पश्चिमेकडून सरळ येतो आणि पानांनी भरलेली ताटी तो आडवी पाडतो. मांडवाच्या वरून वारा बराचसा निघून जातो. फळं खाली लोंबतात, त्यामुळे दिसतात आणि सरळ वाढतात. वालीला मात्र ताटीच, आणि ती घराच्या भिंतीच्या आडोशाला.

१३ एप्रिल

बांबू आला. माणगा घेतला. तो भरीव असतो, काटे नसतात आणि आमच्याकडे सहज मिळतो. कळक जाड असतो पण पोकळ, आणि फांद्या साफ करताना हात फाटतात. १४ काठ्या, ८० रुपयांची एक, टेम्पोचे ५०० वेगळे.

पैसे आधी दिले होते, म्हणून मिळेल ते घ्यावं लागलं. १४ पैकी पाच काठ्या कोवळ्या. ओळखायची खूण सोपी आहे : पेरांजवळ पांढरी भुकटी, कुठे कुठे सालाचं वेष्टण अजून चिकटलेलं, आणि हातात घेतल्यावर हलकी. ठोकून पाहिली तर आवाज बद्द येतो. तीन वर्षांची काठी खणखणते. वर एप्रिलमध्ये तोडलेला बांबू, त्यात पिष्ट जास्त, म्हणजे भुंगेऱ्याला आमंत्रणच. आपल्याकडे थंडीत तोडतात ते उगीच नाही. कोवळ्या पाच बाजूला ठेवल्या, त्या खांबाला नाही वापरायच्या, आडव्या घालू.

२० एप्रिल

खड्डे. दोन फूट खोल घ्यायचे ठरलं होतं. कोपऱ्यातला पहिला खड्डा सव्वा फुटावर जांभ्याला लागला. पहार आपटली की ठिणगी. एक गडी दिवसभर लावला (७०० रुपये), तरी चार कोपऱ्यांपैकी एकच खड्डा दोन फुटांपर्यंत गेला.

खोली मिळत नसेल तर बुंध्याभोवती दाब वाढवायचा, असं ठरवलं. परड्यात जुन्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) पडके चिरे होते. खांब उभा करून भोवती चिऱ्याचे तुकडे पाचरीसारखे ठोकून बसवले, फटीत मुरूम भरला, पाणी ओतून पुन्हा ठोकला. नुसती माती लोटली तर पहिल्या पावसात ती लोण्यासारखी होते आणि खांब हातानेसुद्धा हलतो. सिमेंट घालायचा विचार सोडला, कारण बांबू सिमेंटात कुजला की ठोकळा फोडून काढावा लागतो.

बुंध्याच्या खालच्या दोन फुटांना डांबर फासलं होतं. कापलेल्या तळालाही फासायचं, ते बहुतेक जण विसरतात आणि पाणी तिथूनच चढतं. वरचं टोक पेराच्या लगेच वर कापलं. मधेच कापलं तर थोडी पोकळी राहते, वाटीसारखं पाणी साठतं, डास होतात आणि खांब वरून कुजत येतो.

११ मे

मधले दोन आठवडे लग्नांत गेले.

आज आडव्या काठ्या चढवल्या. उंची साडेसहा फूट. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाचं डोकं पडवळाला लागू नये एवढी, आणि माझा हात स्टुलाशिवाय पोहोचावा एवढी. यात दोन इंच चुकले तरी सगळा पावसाळा मान वाकवून काढावी लागते.

खिळे मारायला गेलो तर पहिलीच काठी पेरापासून पेरापर्यंत उभी चिरली. माणगा भरीव असला तरी खिळ्याला फाटतो. मग पद्धत बदलली : खांबाच्या टोकाला करवतीने खाच पाडली, आडवी काठी त्या खाचेत बसवली आणि काथ्याने बांधली. काथ्या तासभर पाण्यात भिजवून बांधायचा. सुकताना तो आवळतो. चार वेढे उभे, चार आडवे, आणि शेवटी दोन काठ्यांच्या मधून आडवे फेरे घालून गच्च ओढायचे. हे शेवटचे फेरे घातले नाहीत तर बाकीचे आठ असून नसून सारखे.

१८ मे

मधल्या चार खांबांना बांबू पुरला नाही. शेजारचे आबा म्हणाले, गिरिपुष्प लाव. बांधावरचंच तोडलं. मनगटाएवढ्या जाडीचे, साडेसात फुटांचे सोट, खालचं टोक तिरकं कापलेलं. फुटभर गेले आत. पाऊस सुरू झाला की हे मुळं धरतात, म्हणजे कुजण्याचा प्रश्न मिटला, आणि पाला खताला होतो. सोट उलटा लावायचा नाही, बुंध्याकडची बाजू खालीच. कापतानाच कोयत्याने खूण करून ठेवली, नाहीतर पानं झडल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात.

संध्याकाळी तार ओढायला घेतली. १४ गेजची जीआय तार, ४ किलो, ४०० रुपये. २० फुटांच्या बाजूला समांतर तारा दोन-दोन फुटांवर, मग आडव्या. निम्मं झालं आणि अंधार पडला. आबा बघून गेले. त्यांचं म्हणणं असं : “तार ठीक हा गो बाय, पण खांबांका ताण खंय? पयल्या वाऱ्यात मांडव बसतलो.”

ताण, म्हणजे खांबाला बाहेरून ओढून धरणारी तिरकी तार. ते पुढच्या रविवारी, असं ठरलं.

२१ मे

वळवाचा म्हणावा तर तसा नाही. कालपासून सलग पडतोय. मे महिन्यात अशी झड आमच्याकडे जुन्या माणसांच्याही आठवणीत नाही. अर्धवट तारांचा मांडव पश्चिमेकडे झुकला आहे. खड्ड्यांत पाणी.

२५ मे

मोसमी पाऊस आज तळकोकणात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, देवगडपर्यंत. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. माझी मांडव पुरा करण्याची तारीख आणि त्याची यायची तारीख एकच निघाली. पुढचे दोन रविवार मला कोरडे मिळतील हा हिशेब वाहून गेला.

१ जून

उघाड मिळाली. कालचं आणि आजचं काम फक्त ताणांचं.

तार ओढली की ती खांबांना आतल्या बाजूला खेचते. जेवढी गच्च तार, तेवढे कोपरे आत. खोल खड्ड्यातला खांब हे सहन करतो, माझे सव्वा फुटातले खांब करत नाहीत. म्हणून प्रत्येक कडेच्या खांबाला बाहेरून ताण. खांबाच्या टोकापासून तार तिरकी खाली आणायची, खांबापासून चार-पाच फूट लांब. तिथे जेवढा जाईल तेवढा खड्डा, त्यात अख्खा चिरा, चिऱ्याभोवती तार दोनदा गुंडाळलेली, वर दगड आणि मुरूम. चिरा आडवा टाकायचा, ताणाच्या दिशेला आडवा, म्हणजे तो सरकायला बघतो तेव्हा पुढची सगळी माती त्याला अडवते. उभा टाकलेला एक चिरा तार पिळतानाच वर आला.

तार पिळायला पक्कड पुरत नाही. दुहेरी तारेच्या मधे एक जाड काडी घालून ती फिरवली की ताण बसतो. मग काडी खांबाला बांधून टाकायची.

क्रम उलटा हवा होता : आधी ताण, मग वरच्या तारा. मी आधी तारा ओढल्या, त्यामुळे ताण दिल्यावर वरच्या सगळ्या सैल पडून पुन्हा पिळाव्या लागल्या. त्यात कोवळ्या आडव्या काठ्या सुकून आकसल्या होत्या, तिथले काथ्याचे फासही ढिले. तेही परत बांधले. सव्वा दिवस गेला.

८ जून

पेरणी. आळी (बुंध्याभोवतीचे खोलगट खड्डे) केली नाहीत. पावसाळ्यात आळं म्हणजे डबकं, बी कुजतं. दीड हात रुंद, वीतभर उंच मातीचे उंचवटे केले, त्यात शेणखत आणि चुलीतली राख. प्रत्येकात तीन बिया, नंतर एक ठेवायचं.

तवशाचं बी सासूबाईंचं, राखेत घोळवून बरणीत ठेवलेलं. दोडकी ‘कोकण हरिता’, पडवळ ‘कोकण श्वेता’, कारली ‘कोकण तारा’, तिन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं. कारलं आणि पडवळ यांच्या बियांचं कवच टणक असतं. नेलकटरने टोकाचा किंचित कपचा काढला, रात्रभर पाण्यात ठेवल्या. तवशाला यातलं काही लागत नाही.

किती उंचवटे? सासूबाई म्हणाल्या, पाच पुरे. मी बारा केले.

१५ जून

तवसं चौथ्या दिवशी वर आलं, दोडका त्याच्या मागोमाग. कारली आज डोकं काढतायत. आणि तांबडे भुंगेही आज आले. बियांतून निघालेली पहिली दोन पानं त्यांना फार आवडतात. चाळण करतात आणि रोप संपतं. एरवी राख भुरभुरतात, पण दर अर्ध्या तासाने सर येत असेल तर राख टिकत नाही. सकाळी सहाच्या सुमाराला भुंगे गारठलेले असतात, उडत नाहीत. साबणाच्या पाण्याचा डबा पानाखाली धरायचा आणि पान हलवायचं. आठवडाभर हे केलं की रोपाला खरी पानं येतात आणि धोका टळतो.

गोगलगायी रात्री. त्यांना उपाय एकच, बॅटरी आणि मीठ घातलेला डबा. दोन पडवळं गेली, परत पेरली.

२२ जून

वेलींना मांडवापर्यंत नेणारे दोर बांधले. सुतळी वापरली, दीडशे रुपयांची. वरच्या तारेपासून खाली उंचवट्याजवळच्या खुंटीपर्यंत, प्रत्येक वेलाला एक.

वेल कशाने धरते ते बघून आधार द्यावा लागतो, हे या आठवड्यात चांगलंच कळलं. दोडकी, कारली, तवसं, पडवळ यांना तणावे असतात. तणावा बारीक वस्तूला विळखा घालतो, पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंत. माणग्याची काठी त्याला जाड आणि गुळगुळीत. दोडक्याचा एक वेल खांबाजवळ होता, तो खांबाला धरायला बघून बघून खाली घसरत होता. खांबाभोवती काथ्या विरळ गुंडाळला, दोन दिवसांत त्याने धरलं. वालीला तणावे नसतात, तिचा शेंडाच फिरत फिरत वेढे घेतो. तिला उभा दोर किंवा बारीक काठी दिली की पुरे, आडव्या जाळीचा तिला काही उपयोग नाही. आणि तिचे वेढे एकाच दिशेने असतात, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट. मी मदत म्हणून दोन शेंडे दुसऱ्या बाजूने गुंडाळले होते. सकाळी दोन्ही सुटून जमिनीवर.

वेल दोराला बांधताना फास सैल, मधे एक पीळ देऊन. देठ अजून दुप्पट जाड होणार आहे. नायलॉनचा बारीक दोरा अजिबात नको, वाऱ्याने हलून हलून तो देठ कापतो.

६ जुलै

आषाढी. उपासाचं करून दुपारी मांडवात.

दोडकी वर पोहोचली, तवसं आधीच तारांवर. मांडवाच्या उंचीपर्यंत प्रत्येक वेलीची बगलफूट काढतेय, पानाच्या बगलेत कोवळी असतानाच नखाने. खालचे तणावेही काढले. एकच सरळ दांडा वर गेला पाहिजे, खाली हवा खेळली पाहिजे. मांडवावर गेल्यावर शेंडा खुडायचा आणि मग फुटू द्यायचं तेवढं. कारल्या-दोडक्याची मादी फुलं बाजूच्या फुटव्यांवर जास्त येतात, त्यामुळे वरची बगलफूट काढायची नाही.

बारा उंचवट्यांपैकी चार आजच काढून टाकले. इतके वेल या मांडवावर मावणार नाहीत, हे पानांच्या आकारावरून दिसायला लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ जुलै

सुतळी कुजली. सकाळी दोडक्याचे दोन वेल खाली घडी होऊन पडलेले, त्यातल्या एकाचा दांडा मुडपलेला. बाकीच्या दोऱ्या हाताने ओढून पाहिल्या, वेलाच्या फासाजवळ सगळ्या काळ्या पडलेल्या, भिजलेल्या कागदासारख्या तुटल्या. ज्या भागात तीन हजारावर पाऊस पडतो तिथे तागाची सुतळी महिनाभरही टिकत नाही. काथ्या नारळाच्या सालाचा, तो वर्ष काढतो. नवा काथ्या २६० रुपयांचा, दिवसभर पाऊस डोक्यावर घेऊन एकेक वेल नवीन दोरावर घेतला. जुनी सुतळी काढायची नाही, नवा दोर शेजारी बांधून नवे फास टाकायचे. काढायला गेलं की तणावे तुटतात.

मुडपलेल्या दांड्याला केळीच्या सोपाची पट्टी बांधून ठेवलीय. तुटलेला नसेल तर जुळतो.

२० जुलै

जुळला.

फुलं. आठवडाभर नुसती नर, मग मादी. मादीच्या मागे बारीकसं फळ असतंच, ते ओळखायला कठीण नाही. अडचण वेळेची आहे. तवसं आणि कारलं सकाळी उमलतं. दोडका संध्याकाळी पाचनंतर. पडवळ अंधार पडता पडता, पांढरी झालर सोडतं. पाऊस लागून राहिला की मधमाश्या फिरत नाहीत आणि बारकी फळं पिवळी होऊन गळतात. लोक खत घालत बसतात, खरं कारण परागीभवन झालेलं नसतं.

छत्री मानेत धरून हाताने केलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. नर फूल आतून भिजलेलं असेल तर परागकण चिकट होऊन बसतात, उपयोग नाही. म्हणून नर कळ्या उमलायच्या तासभर आधी देठासकट तोडून घरात वाटीत ठेवल्या. घरात उमलतात, कोरड्या राहतात. यानंतर तवशाची फळं धरायला लागली.

२७ जुलै

पश्चिमेचा कोपरा रात्री बसला. ताण तुटला नाही, ताणाचा चिराही जागेवर. खांबाच्या टोकाची खाच फुटली. खाच पाडताना ती पेरापासून लांब घेतली होती, तिथे लाकडाला धरणारं काही नाही. बाकीच्या तीन कोपऱ्यांना खाच पेराच्या लगेच वर होती, त्या शाबूत. एका खाचेच्या जागेवरून एवढा फरक.

वेल तोडायची वेळ आली नाही. नारळ पाडायच्या काठीला दुबेळकं (दोन फाट्यांचं लाकूड) बांधून कोपरा वर उचलला, खाली जॅक म्हणून चिऱ्यांची चवड, नवीन काठी जुन्या खांबाच्या शेजारी उभी करून दोन्ही एकत्र बांधल्या. आबा, त्यांचा मुलगा, आमच्याकडचे दोघं. आबांनी मे महिन्यातला ताणांचा विषय काढला नाही, फक्त चहा दोनदा घेतला.

३ ऑगस्ट

कारली आतून सडतायत. बाहेरून बारीक टोचा, भोवती डिंकासारखा थेंब, फळ वाकडं. कापलं की अळ्या. फळमाशी.

आंब्याच्या दिवसांत वापरलेला सापळा घरात होता, तो टांगला. दोन दिवसांत माश्यांनी भरला आणि मी खूश. कारल्यांना टोचे मात्र तसेच. आंब्याच्या सापळ्यात मिथिल युजेनॉल हे वासाचं आमिष असतं, त्याला आंब्यावरच्या फळमाशीचे नर येतात. वेलवर्गातल्या फळमाशीला क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. दिसायला माश्या जवळजवळ सारख्याच, म्हणून सापळा भरला की वाटतं काम झालं. कुडाळातून क्यू ल्यूरचे दोन सापळे आणले, २४० रुपये. मांडवाखाली डोक्याच्या उंचीवर, पानांपासून थोडे लांब.

सापळ्यात नरच सापडतात, आधीच फलित झालेल्या माद्या अंडी घालतच राहतात. म्हणून बोटभर झालेल्या कारल्यांना जुन्या नायलॉन ओढणीच्या पिशव्या शिवून घातल्या. कागदी पिशवी पावसात लगदा होते. टोचलेली फळं उकिरड्यावर टाकायची नाहीत, अळी मातीत जाऊन कोष करते आणि तीच माशी परत येते. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून पत्र्यावर ठेवली. ऊन नाही, पण आत गुदमरून मरतात.

१७ ऑगस्ट

चार दिवस प्रचंड पाऊस. मांडव मधे सहा इंच खाली आलाय. पानं भिजली की वजन किती वाढतं याचा अंदाज नव्हता. वर चढून बघण्याऐवजी खालून पिवळी, म्हातारी पानं आणि एकमेकांवर चढलेले फुटवे कापले. दोन मोठी घमेली भरली, मांडव लगेच वर आला. गिरिपुष्पाचे मधले सोट आता पालवीने भरलेत, तेही छाटले, नाहीतर ते वेलीवरच सावली करतात. पण मांडव मधे टेकलेला आहे तो त्यांच्यावरच. चौघांनीही मूळ धरलंय, हलवले तर हलत नाहीत.

तारांवर मधल्या भागात नायलॉनची जाळी टाकली होती, ३५० रुपयांची. ती आज कापून काढली. पडवळ बारीक असताना जाळीच्या चौकोनातून खाली येतं ते ठीक, पण काही फळं चौकोनात आडवी अडकून दोन्हीकडे फुगली, कंबर आवळल्यासारखी. तवसं जाळीवर टेकून राहिलं की टेकलेल्या बाजूने पाणी साठून कुजतं. दोन फुटांच्या तारा आणि मधे काथ्याचे सैल फेरे, एवढंच पुरेसं आहे.

पडवळाच्या टोकाला दगड बांधलेत, सुपारीएवढे. फळ हातभर झाल्यावरच बांधायचा. सासूबाई दगड तळहातावर तोलून निवडत होत्या. मी बांधलेला एक जड झाला, देठाजवळ फळ तडकलं. तवशांना जुन्या साडीच्या झोळ्या, दोन टोकं तारेला. तवसं दीड-दोन किलोवर जातं, देठ ते पेलत नाही असं नाही, पण वाऱ्यात हेलकावे खाऊन सुटतं.

२६ ऑगस्ट

माटवीसाठी : तवशी दोन, पडवळ तीन, दोडके भरपूर, कारली सात, वालीची जुडी. कांगण्या आणि कवंडळं मुलांनी रानातून आणली. पडवळ माटवीला बांधताना देठाच्या बाजूने वीतभर वेल ठेवूनच कापायचं, नुसत्या देठाला दोरी टिकत नाही आणि दुसऱ्या दिवशी पडवळ गणपतीच्या पुढ्यात. तिसरं तवसं धोंडसाला, तवशाच्या गोड पदार्थाला, राखून ठेवलंय, ते पिवळं होऊ दे.

ऋषिपंचमीच्या भाजीला दोडका आणि पडवळ मांडवातले, वाली ताटीवरची. अळू, भेंडी, सुरण परड्यातलं. मक्याची कणसं मात्र आबांकडून.

१४ सप्टेंबर

दोडक्यावर केवडा रोग. पानांवर शिरांच्या मधे कोनाकोनांचे पिवळे डाग, खालून करडी बुरशी. विहिरीकडच्या दाट बाजूला जास्त, छाटलेल्या बाजूला जवळजवळ नाही. आता फवारणीत अर्थ नाही, पीक संपत आलंय. रोगट पानं काढून जाळली.

खर्च लिहून टाकते. बांबू ११२०, टेम्पो ५००, गडी ७००, तार ४००, सुतळी १५०, काथ्या २६०, जाळी ३५०, सापळे २४०. एकूण ३७२० रुपये. यातले सुतळी आणि जाळीचे ५०० सरळ वाया. बी-खताचा खर्च किरकोळ, डांबर आणि सुरुवातीचा काथ्या घरात होता. एवढ्या पैशांत बाजारातून किती भाजी आली असती हा प्रश्न घरात एकाने विचारला, त्याला उत्तर दिलेलं नाही.

१२ ऑक्टोबर

वेल उतरवले. आधी बुंध्याशी कापून आठवडाभर तसेच वाळू दिले. ओले ओढले तर तणाव्यांबरोबर तारही ओढली जाते. वाळले की चुरा होऊन खाली येतात. काथ्यासकट सगळं खताच्या खड्ड्यात, केवड्याचे दोडके सोडून. ज्या तुकड्यांवर जाळी शिल्लक राहिली होती तिथे मात्र एकेक तणावा कात्रीने कापावा लागला, आणि शेवटी कंटाळून जाळी तशीच कचऱ्यात दिली.

तारा आणि ताण तसेच ठेवलेत. खांब एकेक करून हलवून आणि बुंध्याशी पहारीचं टोक टोचून पाहिले. डांबर लावलेले कोपऱ्यातले तीन ठणठणीत. आधाराला नंतर उभी केलेली काठी घाईत बिनडांबराची लावली होती, ती मातीच्या रेषेपाशी मऊ. कुजण्याची जागा मातीच्या आत खोलवर नसते, जिथे माती आणि हवा भेटते तिथे असते. म्हणून पुढच्या वेळी डांबर जमिनीच्या वर अर्धा फूट जाईल असं. कोवळ्या पाच आडव्यांपैकी तिघींत भुंगेऱ्याची भोकं, खाली पिठासारखी पांढरी भुकटी. त्या चुलीला.

दोडक्याचं एक आणि पडवळाचं एक फळ वेलीवरच वाळवून माळ्यावर टांगलंय. तवशाचं बी राखेत. कारल्याचं बी धरलं नाही, पिशवी फाटलेल्या एका फळातून माशीने सगळं खाल्लं.

मांडव आता रिकामा. पश्चिमेच्या कोपऱ्यात तोंडलीची दोन कांडी लावलीत, ती बारमाही आहेत, त्यांना कायमचा खांब लागेल. माणग्याच्या सहा काठ्या जानेवारीत तोडून ठेवायला सांगितल्यात, तीन वर्षांच्याच, मी स्वतः ठोकून बघणार. पैसे काठ्या दारात आल्यावर.